जेवढं दिसतं तेवढंच आपलं

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. पोक्त मंडळी विचारतात, "किती देते?" पोरंटोरं विचारतात, "किती पळते?" पहिल्याचं उत्तर लिटरमागे किलोमीटर, दुसऱ्याचं शून्य ते शंभर किती सेकंदांत. "किती मीटरात थांबते?" हे कुणी विचारत नाही. शोरूममधल्या पोराला ते ठाऊक नसतं, माहितीपत्रकात बहुधा छापलेलं नसतं. वेगाच्या गाडीबद्दल खरं तर आधी हेच विचारायला हवं, कारण पळायचं किती हे माणूस ठरवतो, थांबायचं किती अंतरात हे टायर, रस्ता आणि वेगाचा वर्ग (वेग गुणिले वेग) ठरवतात. त्या तिघांशी घासाघीस चालत नाही.

हिशोब मांडू. रस्ता कोरडा आणि डांबरी, टायर बरे, ब्रेक ठीक. समोर काहीतरी आडवं आलंय हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर संपले. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गाडी आणखी ५६ मीटर जाते. एकूण ९८. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरल्या तर जवळपास एवढं अंतर होतं. आता तीच गाडी १४० नं चालवू. दीड सेकंदात ५८ मीटर, ब्रेकखाली ११०, एकूण १६८. वेग चाळीस टक्के वाढला, ब्रेकचं अंतर दुप्पट झालं.

पण खरी गोम पुढे आहे. या दोन गाड्या शेजारी-शेजारी धावतायत आणि दोघींना एकाच क्षणी समोर बंद पडलेला ट्रक दिसला असं समजा. शंभरची गाडी ९८ मीटरवर, ट्रकच्या मागच्या फळीला नाक लावून उभी राहिली. त्याच जागी १४० ची गाडी कितीच्या वेगात असेल? मनात येणारा आकडा बहुतेक वेळा ४० असतो, कारण फरक ४० चा. उत्तर आहे ११२. दीड सेकंदात ५८ मीटर गेले, उरलेल्या ४० मीटरांत ब्रेकना फक्त १४० चे ११२ करता आले. शंभरवाल्याच्या अंगावर काटा येतो तिथे १४० वाला ट्रकखाली शिरलेला असतो.

गावातही हेच गणित. पन्नासनं जाणारी गाडी ३५ मीटरांत थांबते. सत्तरची गाडी त्या ३५ व्या मीटरला ताशी ६२ नं जात असते, म्हणजे तिचे ब्रेक आत्ता कुठे लागायला लागलेले असतात. चेंडूमागे धावत आलेल्या मुलाच्या दृष्टीनं पन्नास आणि सत्तर यांत 'थोडा' फरक नाही.

एवढं करून वाचतं काय? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. सलग १०० नं ५७ मिनिटं, सलग १३० नं ४४. कागदावर तेरा मिनिटं. प्रत्यक्षात मध्ये घाट आहे, टोल नाका आहे, उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेला कंटेनर आहे. तेरातली निम्मी तिथे जातात, उरलेली वाकड किंवा वाशीच्या सिग्नलला.

तरी वेग वाईट असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची परवानगी आहे आणि धड गाडी, धड टायर, जागा माणूस असेल तर तिथे १२० हा काही वेडा वेग नाही. भर दुपारी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ४० हा मात्र वेडाच. प्रश्न आकड्याचा नसतो. पुढचा जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात थांबता येतं का, एवढाच असतो. जेवढं दिसतं तेवढंच आपलं. त्यापुढचा रस्ता दुसऱ्या कुणाचा तरी असतो, आणि तो 'कुणीतरी' त्या क्षणी तिथे उभा असू शकतो.

रात्री हा नियम फार कडक होतो. डिपरवर हेडलाइटचा उपयोगी उजेड साधारण ५० ते ६० मीटर पडतो. शंभरला थांबायला ९८ लागतात. म्हणजे डिपरवर १०० नं जाणारा माणूस जवळजवळ ४० मीटर आंधळा चालत असतो. समोरून वाहनं नाहीत तिथे अप्पर टाकावा, पण दुभाजक नसलेल्या आपल्या राज्यमार्गांवर ती चैन मिनिटभरही टिकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरकडच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या निघतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, वेग ताशी १५-२०. उसाचं वाळलेलं पाचट हेडलाइटमध्ये रस्त्याच्याच रंगाचं दिसतं. त्या दिवसांत त्या रस्त्यांवर रात्री ६० हीच हद्द समजावी. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की तिच्या दिव्यांकडे न पाहता डावीकडची पांढरी रेघ धरावी आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. समोरून उजेड येत असताना त्या उजेडाच्या अलीकडे, आपल्याच बाजूला, ट्रॉली असली तर ती दिसत नाही. बऱ्याच गाड्या नेमक्या या काळोख्या पट्ट्यात जाऊन आदळतात.

आता टायर. चार टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकतात ती जागा प्रत्येकी साधारण तळहाताएवढी. चाळीस लाखांची गाडी, अडीचशे हॉर्सपॉवर, सहा एअरबॅग, सगळा कारभार या चार तळहातांवर. आणि दुर्लक्ष नेमकं इथेच.

टायरच्या बाजूवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. शेवटचे दोन भाग वाचावेत. ९१ म्हणजे त्या टायरनं पेलायचं जास्तीत जास्त वजन ६१५ किलो. व्ही म्हणजे वेगाची मर्यादा ताशी २४० किलोमीटर. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. हे आकडे नव्या, योग्य हवेच्या, न दुखावलेल्या टायरचे. स्वस्तात मिळाला म्हणून कमी अक्षराचा टायर वेगवान गाडीला लावणं म्हणजे पैलवानाला हवाई चप्पल घालून आखाड्यात उतरवणं. आणखी एक लंबगोल असतो, त्यात चार आकडे. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर अशा टायरवर मोठा प्रवास करू नये. नक्षीच्या खाचेत रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानंही संपला. पावसाळ्यासाठी मी म्हणेन ३ मिलिमीटरलाच बदला.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा जास्त हवेनं नाही, कमी हवेनं. लोकांचा समज नेमका उलटा असतो. उन्हाळ्यात लांब निघताना 'हवा गरम होऊन वाढते' म्हणून पंक्चरवाल्याकडून मुद्दाम चार पॉइंट कमी करून घेतात. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे मारतं, म्हणजे तेवढ्या वेळा रबर दबून उलगडतं. तार वाकवत राहिलं तर ती गरम होऊन तुटते, तसंच. आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, थर सुटतात, आणि समृद्धीवर सिंदखेडराजाच्या पुढे कुठेतरी मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तो टायर जातो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. पूर्ण माणसं आणि सामान असेल तर तिथेच दिलेला भरलेल्या गाडीचा, थोडा जास्तीचा, आकडा घ्यावा. धावून गरम झालेल्या टायरात तीन-चार पॉइंट जास्त दिसतात. ते तसेच असायला हवेत, काढू नयेत. नायट्रोजनचं फार कौतुक नको. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. दाब महिन्यातून दोनदा मोजण्याला पर्याय नाही.

खड्ड्यात जोरात आदळल्यावर टायरच्या कडेला फुगवटा आला का ते बघावं. बोटाएवढा फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत, आता फक्त वरचं रबर धरून आहे. असा टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

आणि तरीही फुटलाच तर? ब्रेक दाबायचा नाही. हात आपोआप वळतील, पाय आपोआप ब्रेककडे जाईल, दोन्ही आवरायचे. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडी आपल्या वजनानं ५०-६० पर्यंत उतरली की मग हलका ब्रेक आणि डावीकडे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी असतील तरच हे जमतं. एक हात खिडकीवर, दुसरा गिअरवर, अशी 'स्टायलिश' बैठक या तीन सेकंदांत उपयोगाची नसते.

पाण्याचंही एक गणित आहे. विमानांच्या टायरवर झालेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रात ३२ पॉइंट हवा घातली तर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग येतो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास. टायर गुळगुळीत असेल तर त्याच्याही आधी. तरंगलेल्या टायरला ब्रेक कळत नाही, स्टीअरिंग कळत नाही. स्टीअरिंग एकदम हलकं लागलं आणि इंजिनाचा आवाज विनाकारण चढला, तर ओळखावं. त्या वेळी काहीच न करणं हेच काम: सरळ धरा, पाय उचला, टायर खाली टेकण्याची वाट बघा. आणि जूनचा पहिला पाऊस हा सगळ्यांत लबाड. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल, डिझेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा त्या पहिल्या अर्ध्या तासात साबण होतो.

घाटाकडे वळू, कारण वेगाची मस्ती घाटातच उतरते. बोरघाटात एक्स्प्रेसवेवर मोटारींना ६० ची मर्यादा आहे. ती वाचून लोक हसतात. 'एवढा रुंद रस्ता, आणि साठ?' शंभर मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ते ६० नं काटायला टायरला गाडीच्या वजनाच्या ०.२८ पट पकड लागते, ८० नं ०.५०, १०० नं ०.७९. चांगला टायर कोरड्या रस्त्यावर ०.८ च्या जवळपास देतो, ओल्या रस्त्यावर ०.४ ते ०.५. म्हणजे श्रावणातल्या धुक्यात त्या वळणावर साठनं गाडी आरामात असते, ऐंशीला धारेवर, शंभरला दरीच्या कठड्यावर. शिवाय टायरजवळ पकडीचा एकच पगार असतो. त्यातूनच वळायचं, त्यातूनच ब्रेक मारायचा, त्यातूनच पिकअप घ्यायचा. वळणात सगळा पगार वळण्यावर खर्च झालेला असताना घाबरून ब्रेक दाबला की उधारी होते, आणि ती तिथल्या तिथे वसूल होते. मागची चाकं चालणाऱ्या ताकदवान गाडीत तर वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय झटकला तरी मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात पाय स्थिर. वळणाचा शेवट दिसला की हळूहळू पिकअप.

ब्रेकची दुसरी बाजू उष्णतेची. दीड टनाची गाडी १०० वरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता बनून जाते. लोणावळ्याहून खोपोलीत उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. त्या उताराची ऊर्जा होते जवळजवळ ८,००० किलोज्यूल. नुसत्या ब्रेकवर हा घाट उतरणं म्हणजे शंभरावरून पूर्ण थांबण्याइतका ब्रेक चौदा वेळा मारणं, तेही डिस्कला निवायला वेळ न देता. पॅड तापून गुळगुळीत होतात, घासल्याचा आंबूस वास येतो, ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागतं पण गाडी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतलं बाष्प शोषून घेतं, आणि ओलावलेलं ऑइल १५५ लाच उकळू शकतं. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडल सरळ तळाला जातं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी कितीही कमी चाललेली असो. सर्व्हिसिंगच्या बिलात हा खर्च अगदी किरकोळ असतो आणि लोक नेमका तोच वाचवतात.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीच्या ड्रायव्हरांचा जुना नियम आजही तंतोतंत लागू आहे. ऑटोमॅटिक गाडीत एल, किंवा हातानं गिअर धरायची सोय असते, ती वापरा. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचत नाही. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला लागलात तर मोटारीनं मिळणारा ब्रेक दुबळा पडतो, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी भरायला जागा नसते. ऐंशीवर थांबवा. खाली आल्यावर ब्रेकमधून वास येत असेल तर पाणी मारू नका, हँडब्रेक ओढून गाडी लावू नका. आणखी दोन-तीन किलोमीटर हळू चालवून वाऱ्यानं निवू द्या.

"पण आपली गाडी पाच स्टारची आहे!" हे आताशा फार ऐकू येतं. चांगलंच आहे. भारत एनकॅपची, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षेचे स्टार देणारी, चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्याचा कंपन्यांवर धाकही बसला. पण ते स्टार मिळतात कुठल्या वेगाला? समोरून धडकेची चाचणी होते ताशी ६४ किलोमीटरला, बाजूची ५० ला. शंभरला धडकेतली ऊर्जा ६४ च्या जवळजवळ अडीचपट, १२८ ला चौपट. सांगाड्याची पोलादी चौकट अडीच-चार पट मार खाण्यासाठी बनवलेलीच नसते. एअरबॅगही पट्टा लावलेल्या माणसासाठी आखलेली असते. पट्टा नसलेला माणूस बॅग उघडत असताना तिच्यावर जाऊन आपटतो. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावायचा असतो हे आपल्याला कळायला सप्टेंबर २०२२ उजाडावं लागलं, जेव्हा चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तम होती, ते मागे होते, पट्टा नव्हता. त्यानंतर आठ-पंधरा दिवस सगळ्यांनी पट्टे शोधले. सीटच्या फटीत गेलेले ते पट्टे पुन्हा फटीत गेले असावेत, असा माझा दाट संशय आहे.

जुलै २०१९ पासून प्रत्येक नवी मोटार ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सलग पीं-पीं करते. ते बंद कसं करायचं याचे व्हिडिओ आहेत. पट्ट्याची किरकिर थांबवायला नुसती पट्टी नसलेली खोटी क्लिप मिळते. एबीएस (ब्रेकखाली चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणीबाणीला ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून धरायचा असतो, पायाखाली पेडल थरथरतं, ते बिघडलेलं नसतं. जुन्या सवयीनं दाब-सोड करणाऱ्यांचं अंतर वाढतं. गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बटण दाबून बंद करता येते. ती बंद करून रस्त्यावर गाडी 'अनुभवणारे' खरं तर आपली जबाबदारी वाढवून घेत असतात, कौशल्य नाही. आणि चालू असली तरी ती फक्त उपलब्ध पकडीचं वाटप करते. नसलेली पकड ती आणत नाही.

इथे शर्यतींचा विषय येतो. आपल्याकडे रस्त्यावरची शर्यत दोन प्रकारची. एक ठरवून केलेली: रात्री दोन-तीनला, पूल किंवा समुद्राकाठचा सरळ पट्टा, दोघांत पैज, फोनवर चित्रीकरण. दुसरी जास्त पसरलेली आणि जास्त घातक, ती म्हणजे खुन्नस. कुणी कुणाला आव्हान दिलेलं नसतं. शेजारच्यानं सिग्नलला इंजिन घुर्र केलं, डावीकडून कट मारला, मागून डिपर दिला, बस्स. बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, बँकेत ऑफिसर असलेला माणूस पुढचे चार किलोमीटर शर्यतीत असतो आणि घरी विचारलं तर शपथेवर सांगतो की मी कधी रेस लावत नाही. मागे सीटवर बायको 'अहो, जाऊ द्या ना त्याला' म्हणत असते. या खेळात तिचं ऐकणारा जिंकतो.

शर्यतीत डोळा कुठे असतो, हा मुद्दा आहे. तो रस्त्यावर नसतो, शेजारच्या गाडीवर असतो. 'जेवढं दिसतं' तेच आक्रसतं. दोन गाड्या शेजारी-शेजारी १२० नं धावताना बाजूला सरकायची जागा राहत नाही, आणि दोघांपैकी कुणीही आधी ब्रेक दाबायला तयार नसतो, कारण आधी पाय उचलला तो हरला. म्हणजे आधीच्या गणितातल्या दीड सेकंदाचे अडीच होतात. १२० ला तो एक जादाचा सेकंद ३३ मीटरचा पडतो.

रस्ता बंद करून, पोलीस लावून, निष्णात लोकांनी हे केलं तरी काय होतं ते इटलीनं पाहिलं आहे. मिल्ले मिलिया नावाची शर्यत ब्रेशियाहून रोमला आणि परत, जवळपास १,६०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवरून व्हायची. १९५५ मध्ये ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसनं ती ताशी सरासरी १५७ किलोमीटरहून अधिक वेगानं जिंकली. त्यातली गंमत अशी की शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सनजवळ कागदाची एक लांब गुंडाळी होती. आधी रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घालून त्यानं प्रत्येक चढ, प्रत्येक वळण तिच्यावर टिपून ठेवलं होतं आणि तो खुणेनं मॉसला पुढचं सांगत होता. चढापलीकडचा न दिसणारा रस्ता त्यांनी आधीच 'पाहून' ठेवला होता. एवढी तयारी करणाऱ्यांचा खेळ दोनच वर्षांत थांबला. १२ मे १९५७ रोजी गुइदिझोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, त्याचा साथीदार गेला, आणि कडेला उभे राहून पाहणारे नऊ जण गेले, त्यांत पाच मुलं. त्यानंतर ती शर्यत शर्यत म्हणून पुन्हा झाली नाही. आपल्याकडच्या रात्रीच्या पैजेत कागदाची गुंडाळी नसते. पुढच्या वळणावर आज संध्याकाळी खोदून ठेवलेला खड्डा आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

वेगासाठी बांधलेला रस्ता कसा असतो हे पाहायचं तर इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची चाचणीपट्टी आहे, २०२१ मध्ये सुरू झालेली, ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार. तिची वळणं आतल्या बाजूला अशी कलती आहेत की २५० च्या वेगाला स्टीअरिंग न फिरवता गाडी वळणातून जाते. त्या वेगाला टायरला कडेकडे ओढणारं बळ जवळपास उरतच नाही. तिथे दुभाजकातून कुत्रं येत नाही, उलट दिशेनं दुधाचा टेम्पो येत नाही. आपले पूल आणि सागरी रस्ते अशा वेगासाठी आखलेले नाहीत. त्यांची वळणं, जोडपट्ट्या, कठडे सगळं कमी वेगाच्या हिशोबाचं.

गाडी 'करून घेण्या'चाही छंद वाढला आहे. रीमॅप मारून (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून) तीस-चाळीस हॉर्सपॉवर वाढतात, फ्री-फ्लो सायलेन्सरनं आवाज वाढतो. ब्रेक, बुश, टायर मात्र कंपनीचेच, कारण ते दिसत नाहीत आणि ऐकू येत नाहीत. खर्च करायचाच तर क्रम उलटा ठेवावा: आधी चांगले टायर, मग पॅड आणि ब्रेक ऑइल, मग शॉक ॲब्सॉर्बर, आणि पैसे उरले तर इंजिन. विमा कंपनीला न कळवलेले बदल दाव्याच्या वेळी आडवे येतात. शर्यत आणि वेगाची चाचणी तर साध्या मोटार पॉलिसीत मुळातच वगळलेली असते. कायद्याचं थोडक्यात: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हातात किल्ली दिली आणि त्यानं या कायद्याखालचा गुन्हा केला तर १९९ अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे कलम २०१९ पासून आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले, चालवणारा अल्पवयीन होता, आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा पुण्यात जो संताप उसळला तो आठवत असेल.

खुमखुमी खरी असेल तर तिला जागा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरला कारी स्पीडवे, दिल्लीजवळ बुद्ध सर्किट. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या सरळ धावा झाल्या आहेत. स्वतःची गाडी सर्किटवर नेणार असाल तर आठवडाभर आधी ब्रेक ऑइल नवं करा, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, चाकाचे नट टॉर्क पान्यानं गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळा (बहुतेक मोटारींना १०० ते १२० न्यूटन-मीटर), गाडीतून चटई, बाटल्या, गणपती, छत्री सगळं काढा. पाच-सहा फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न लावता हळू मारून गाडी निववा आणि उभी करताना हँडब्रेक लावू नका. पहिल्याच दिवशी कळतं की रस्त्यावर आपण ज्याला 'कंट्रोल' म्हणत होतो तो बराचसा समोरच्यांचा चांगुलपणा होता.

सर्किट लांब पडतं त्यांना एक स्वस्त धडा घरच्या जवळ घेता येतो. परवानगी घेऊन एखादं मोकळं, सपाट, खाजगी आवार, रविवारची सकाळ. हवा मोजलेली, पायात बूट, पट्टा लावलेला, गाडीत दुसरं कुणी नाही. सीट इतकी पुढे की ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पोचेल. पायापाशी पाण्याची बाटली लोळत नाही ना ते पाहा, ब्रेकखाली अडकलेली बाटली ही दंतकथा नाही. मग जमिनीवर एक रिकामी बाटली उभी करा आणि तिच्याशी पोचल्याक्षणी ताशी ४० वरून ब्रेक असा दाबा की पेडल मोडेल. उतरून पावलं मोजा. बारा-तेरा भरतील. आता ६०. किती येतील याचा अंदाज आधी मनात धरा. बहुतेक जण अठरा म्हणतात. मोजताना सत्तावीस भरतात, आणि वीस झाल्यावर माणूस एकदा मागे वळून बाटलीकडे बघतो.